राजांच्या दरीत जाताना: तीन थडग्यांचं तिकीट सत्कारणी कसं लावायचं

इजिप्तमधल्या लक्सरला जाणाऱ्या बहुतेक ग्रुप टूरमध्ये ‘व्हॅली ऑफ द किंग्ज’साठी जेमतेम दीड-दोन तास राखलेले असतात. त्यातला बराचसा वेळ तिकिटाची रांग, आत नेणाऱ्या गाडीची वाट आणि ‘आता कुठल्या दारातून शिरायचं’ या चर्चेत जातो. मग जे दार जवळ, त्यात सगळे घुसतात. शेजारशेजारची, एकाच काळातली तीन थडगी पाहून होतात आणि परतल्यावर लोक सांगतात, “सगळी सारखीच हो, एक पाहिलं की झालं.” निवड आधीच करून गेलात तर असं म्हणायची वेळ येणार नाही. हा लेख मुख्यतः त्या निवडीसाठी आहे. बाकीच्या सूचना ओघाने येतीलच.

थोडी पार्श्वभूमी. नाईलच्या पश्चिम काठावर, अल-कुर्न नावाच्या पिरॅमिडसारख्या दिसणाऱ्या डोंगराच्या पायथ्याशी ही कोरडी दरी आहे. अठराव्या ते विसाव्या राजघराण्यातल्या राजांनी, म्हणजे ढोबळमानाने इ.स.पू. १५५० ते १०७० या काळात, इथल्या चुनखडीत आपली थडगी खोदून घेतली. आजवर साठाहून जास्त सापडली आहेत, पण त्यातली मोजकीच एका वेळी लोकांना पाहायला मिळतात. अजिंठा-वेरूळ पाहिलेल्या माणसाला इथे एक सवय मोडावी लागते. लेण्याला दर्शनी भाग असतो, खांब असतात, लांबूनच डोळे दिपतात. इथे बाहेरून बघण्यासारखं काहीही नाही. तापलेला डोंगर आणि त्यात चौकोनी दारं. सगळं काही आत, खाली, अंधाराकडे जाणाऱ्या वाटेवर.

१. घरी बसूनच थडगी निवडा

साध्या तिकिटावर तीन थडगी पाहता येतात. मात्र तुतनखामून, सेती पहिला आणि रामसेस पाचवा-सहावा यांच्यासाठी स्वतंत्र तिकीट काढावं लागतं. डागडुजीसाठी काही थडगी बंद ठेवतात, काही पुन्हा उघडतात. त्यामुळे तीनच नावं पाठ करून जाऊ नका, पसंतीक्रमाने सहा-सात लिहून न्या.

प्रत्येक थडग्याला ‘केव्ही’ (म्हणजे ‘किंग्ज व्हॅली’) क्रमांक आहे. १८२७ मध्ये जॉन गार्डनर विल्किन्सन या इंग्रज अभ्यासकाने दारांवर रंगाने आकडे टाकले, तिथून ही पद्धत सुरू झाली. पहिले २१ आकडे जागेच्या क्रमाने आहेत, पुढचे शोध लागत गेले तसे. आकड्यावरून थडग्याचा काळ ओळखायला जाऊ नका. ‘थेबन मॅपिंग प्रोजेक्ट’च्या संकेतस्थळावर एकेका थडग्याचा नकाशा मिळतो, तो फोनमध्ये उतरवून ठेवा.

निवडीचं माझं सूत्र असं: वेगवेगळ्या काळांतली घ्या. सुरुवातीच्या राजांची थडगी लपवलेली, तीव्र उताराची आणि मध्येच काटकोनात वळणारी आहेत. शेवटच्या रामसेस राजांच्या वेळेपर्यंत लपवाछपवी संपली होती. दारं रुंद झाली, उतार सौम्य झाला आणि वाट दारापासून शवपेटीपर्यंत जवळपास सरळ धावू लागली.

जुन्यांपैकी थुतमोस तिसरा (केव्ही ३४) उघडं असेल तर डोळे मिटून घ्या. दरीच्या अगदी टोकाला कड्याच्या फटीत, उंचावर त्याचं दार आहे. आधी लोखंडी जिना चढायचा आणि मग तेवढंच, किंबहुना जास्तच, खाली उतरायचं. आत उकडतं. पण खालची शवपेटीची खोली राजाचं नाव ज्या लंबगोल चौकटीत लिहीत तिच्या आकाराची आहे, कोपरे नसलेली. भिंतींवर काड्यांनी काढल्यासारख्या आकृत्या, काळ्या-लाल रेषांत. जणू कोणी पपायरसची भली मोठी गुंडाळी उलगडून भिंतीला चिकटवली आहे. त्याआधीच्या खोलीत सातशेहून अधिक देवतांची यादीच रंगवलेली आहे. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे किंवा बंद जागेत गुदमरतं, त्यांनी मात्र हे थडगं सोडावं. त्यात कमीपणा काही नाही.

शेवटच्या काळातलं रामसेस तिसरा (केव्ही ११) हे गर्दीचं, तरी चुकवू नये असं. याची गोष्ट आत जाण्याआधी माहीत असली तर फार मजा येते. हे थडगं मुळात त्याचा बाप सेतनख्त याने खोदायला घेतलं. खोदता खोदता कामगार शेजारच्या आमेनमेसेच्या थडग्यात (केव्ही १०) जाऊन आपटले. काम तिथेच थांबलं. पुढे मुलाने तेच हाती घेतलं, वाट थोडी उजवीकडे सरकवली आणि पुढे नेली. चालताना ही सरळ वाट जिथे एकदम बाजूला सरते ती जागा लक्षात येते. दरम्यान सेतनख्तने स्वतःसाठी काय केलं? राणी तौसरेतचं तयार थडगं (केव्ही १४) ताब्यात घेतलं आणि तिच्या चित्रांवर गिलावा फासून आपली नावं-चित्रं चढवली. केव्ही १४ आत बरंच दूर आहे, त्यामुळे तिथे टूरवाले सहसा पोचत नाहीत. दोन-दोन शवपेटीच्या खोल्या असलेलं एवढं मोठं थडगं कधीकधी तुमच्या एकट्याच्या वाट्याला येतं. केव्ही ११ आणि केव्ही १४ ही जोडी एकाच तिकिटात पाहावी असं माझं ठाम मत आहे.

बरोबर आई-बाबा किंवा सासू-सासरे असतील तर रामसेस चौथा (केव्ही २) सगळ्यांत सोयीचं. दाराजवळच आहे, वाट रुंद आणि उतार हलका. आत अवाढव्य ग्रॅनाइटची शवपेटी आणि छतावर आकाशदेवी नूत. रामसेस नववा (केव्ही ६) हेही सोपं, म्हणूनच तिथे झुंबड असते. मेरेनप्ताह (केव्ही ८) हे रामसेस दुसऱ्याच्या मुलाचं थडगं. उतार लांब आणि दमवणारा, पण एकात एक बसवलेल्या दगडी शवपेट्यांची प्रचंड झाकणं पाहायची तर इथेच.

आता वेगळ्या तिकिटांचं. रामसेस पाचवा-सहावा (केव्ही ९) साठी जादा पैसे जरूर मोजा. तिन्हींत हे सर्वात स्वस्त असतं आणि शवपेटीच्या खोलीचं छत हे या दरीतलं माझ्या मते सर्वोत्तम दृश्य आहे: पाठीला पाठ लावलेल्या दोन नूत देवी, एक दिवसाची आणि एक रात्रीची, सूर्य नूतच्या तोंडातून आत जातो आणि पहाटे तिच्या पोटी जन्म घेतो.

तुतनखामूनचं (केव्ही ६२) थडगं लहान आहे, फार लहान. चित्रं फक्त एका खोलीत. ४ नोव्हेंबर १९२२ रोजी हॉवर्ड कार्टर या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाच्या माणसांना पहिली पायरी सापडली आणि पुढे आतून ५,००० हून अधिक वस्तू निघाल्या, पण त्यातल्या बहुतेक उत्तरेला हलवल्या आहेत. सोन्याचा मुखवटा बघायला इथे येऊ नका. तो बघायचा तर गिझाचं ग्रँड इजिप्शियन म्युझियम गाठावं लागतं. इथे राजाची मम्मी मात्र आहे, काचेच्या पेटीत. बाकीच्या बऱ्याच राजांच्या मम्मी ३ एप्रिल २०२१ च्या गाजलेल्या मिरवणुकीपासून कैरोतल्या नॅशनल म्युझियम ऑफ इजिप्शियन सिव्हिलायझेशनमध्ये आहेत. कार्टरच्या शोधाचं आकर्षण असेल तर जा. पैसे मोजून मापून खर्च करायचे असतील तर हे तिकीट वाचवा.

सेती पहिला (केव्ही १७) हा महागडा प्रकार. साध्या तिकिटाच्या दुप्पट-तिप्पट दर असतो. जोव्हानी बेल्झोनी या इटालियन शोधकाला ते १८१७ मध्ये सापडलं. सुमारे १३७ मीटर लांब, आणि वरपासून खालपर्यंत नुसतं रंगवलेलं नाही, तर उठावात कोरून मग रंगवलेलं. त्यातली अलाबास्टर या फिकट, अर्धपारदर्शक दगडाची शवपेटी लंडनच्या सर जॉन सोन म्युझियममध्ये गेली, भिंतींचे तुकडे पॅरिस आणि फ्लॉरेन्सला गेले, तरी जे उरलंय त्यापुढे दरीतलं दुसरं काही टिकत नाही. ज्यांना चित्रकलेत खरोखर रस आहे त्यांनी एखादं हॉटेल स्वस्तातलं घ्यावं आणि हे पाहावं.

२. बरोबर काय हवं

* पासपोर्ट, आणि त्याची एक छायाप्रत वेगळ्या जागी. व्हिसाचे नियम भारतीयांसाठी बदलत असतात, म्हणून एजंटच्या शब्दावर न राहता दिल्लीतला इजिप्तचा दूतावास किंवा मुंबईतली वकिलात यांच्याकडे खात्री करा.
* परदेशात चालणारं डेबिट किंवा क्रेडिट कार्ड. तिकीटघरात बहुतेक ठिकाणी फक्त कार्डच घेतात. बँकेकडून परदेशी व्यवहार चालू करून घ्यायला विसरू नका, शक्यतो दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं ठेवा.
* इजिप्शियन पौंडांच्या छोट्या नोटा, ५, १० आणि २० च्या. टॅक्सी, फेरी, बक्षीस (म्हणजे टीप) यांसाठी. विमानतळावर मोठ्या नोटा मिळतात, त्या हॉटेलात मोडून घ्या.
* विद्यार्थी असाल तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी ओळखपत्र. तिकीट निम्म्या दरात मिळतं.
* लक्सरला चार-पाच दिवस राहून सगळी मंदिरं आणि महागडी थडगीही पाहायची असतील तर ‘लक्सर पास’चा हिशोब करून पाहा. त्यासाठी पासपोर्टची प्रत, एक फोटो आणि डॉलर किंवा युरो लागतात.
* टोपी, पाणी, तळ घट्ट पकडणारे बूट. आतल्या लाकडी फळ्यांवर चपला घसरतात.
* छोटी दुर्बीण. हिच्यावर लोक हसतात, पण छतावरचे तारे आणि उंचावरच्या पट्ट्या साध्या डोळ्यांना नीट दिसत नाहीत.

ऑक्टोबर ते मार्च हा काळ बरा. मे ते सप्टेंबर पारा चाळिशीच्या पार जातो आणि दरी तव्यासारखी तापते.

३. पश्चिम काठ गाठणं

कैरोहून लक्सर विमानाने तासाभरावर आहे, रेल्वेने रात्रभराचा प्रवास. हॉटेलं बहुधा पूर्व काठावर. लक्सर मंदिरासमोरून सार्वजनिक फेरी नाईल ओलांडते, स्थानिक लोक तीच वापरतात आणि भाडं अगदी किरकोळ असतं. वाटेत कोणी सांगेल की फेरी आज बंद आहे, माझ्या बोटीत या. ऐकून घ्या आणि धक्क्यापर्यंत चालत जा. पलीकडे टॅक्सीवाले उभे असतात. दिवसभराचा दर, किती ठिकाणं आणि थांबण्याचा वेळ हे तिन्ही बसण्याआधी ठरवा. “अलाबास्टरचा कारखाना दाखवतो, फुकट आहे” या प्रस्तावाला सुरुवातीलाच नाही म्हणा, तिथे अर्धा तास सहज जातो.

ग्रुप टूरने जात असाल तर आदल्या रात्री टूर मॅनेजरशी बोला. दरी सकाळी ६ ला उघडते. त्या वेळेला निघता आलं तर उत्तम, आठनंतर बसगाड्यांची रीघ लागते. निदान थडग्यांच्या भागात गेल्यावर ग्रुपपासून सुटं होऊन भेटण्याची वेळ ठरवता येईल का, एवढं तरी विचारून घ्या.

४. तिकीटघरात

सगळी तिकिटं इथेच, अगदी सुरुवातीला. केव्ही ९ किंवा तुतनखामूनच्या दाराशी तिकीट मिळत नाही. वर गेल्यावर मन बदललं तर पुन्हा खाली यावं लागतं, उन्हातून. ‘एजिमॉन्युमेंट्स’ या सरकारी संकेतस्थळावर आधी दर पाहता येतात आणि तिकीटही काढता येतं. इथे लिहिलेले आकडे दर वर्षी खोटे ठरतील, म्हणून मी रकमा देत नाही. तीनाहून जास्त साधी थडगी पाहायची असतील तर साधं तिकीट दुसऱ्यांदा काढता येतं.

आत या दरीची पारदर्शक प्रतिकृती ठेवली आहे. वरून डोंगर आणि त्याखाली लोंबणारे सगळे बोगदे एकदम दिसतात. दोन मिनिटं तिथे द्या, कोण कोणाला कसं आपटलं ते कळतं. आज कुठली थडगी उघडी आहेत त्याचा फलकही पाहून घ्या, यादी दुरुस्त करा. स्वच्छतागृह इथेच उरकून घ्या. मग विजेवर चालणारी छोटी गाडी थडग्यांच्या तोंडापर्यंत सोडते. तिचं तिकीट वेगळं असतं, नाममात्र.

५. दुरून जवळ या

आत शिरल्यावर पहिली थडगी खुणावतात. त्यांना ओलांडून पुढे चला. गार वाऱ्याची वेळ असतानाच लांबची आणि चढ-उताराची उरका: केव्ही ३४, केव्ही १४. मग मध्यावर या: केव्ही ११, ९, ६२, १७ ही सगळी जवळजवळ आहेत. बाहेर पडताना केव्ही २.

एखाद्या दाराशी मोठा ग्रुप दिसला तर दहा-पंधरा मिनिटं सावलीत थांबा. गाइडना आत व्याख्यान द्यायला मनाई आहे, ते बाहेरच समजावून सांगतात. त्यामुळे ग्रुप आत गेला की झपाट्याने फिरून बाहेर येतो आणि मागे शांतता उरते.

६. भिंतींवर काय शोधायचं

लोक राजाच्या पराक्रमाची चित्रं शोधतात. लढाया, शिकारी, दरबार. ते सगळं मंदिरांत आहे. थडग्यांच्या भिंतींवर मुख्यतः एकच कथा चालते: मावळलेला सूर्य रात्रीचे बारा तास पाताळातून नावेने जातो आणि पहाटे पुन्हा उगवतो. राजा त्याच्याबरोबर प्रवास करतो. ही कथा सांगणारे ग्रंथ अनेक आहेत, अम्दुआत हा त्यातला जुना. पुढे द्वारांचा ग्रंथ, गुहांचा ग्रंथ, पृथ्वीचा ग्रंथ असे येत गेले. सगळे ओळखायची गरज नाही. या खुणा पुरतात:

शेवटच्या काळातल्या थडग्यांच्या दारावर, चौकटीच्या वर, पिवळी किंवा लाल तबकडी आणि तिच्यात एक भुंगा व एक मेंढ्याच्या तोंडाचा देव. भुंगा म्हणजे सकाळचा सूर्य, मेंढा रात्रीचा. थडग्याचा सगळा मजकूर या एका चित्रात आलेला असतो.

पुढे नावेत उभा असलेला तोच मेंढ्याच्या तोंडाचा देव, भोवती नागाची वेटोळी. ही नाव भिंतीवर पुन्हा पुन्हा दिसेल. प्रत्येक वेळी एक तास पुढे सरकलेला असतो. वाटेत आडवा येणारा महासर्प अपेप, कुठे सुऱ्या खुपसलेला तर कुठे दोरखंडाने बांधलेला. मुंडकी उडवलेले, उलटे लटकलेले लोक म्हणजे सूर्याचे शत्रू. लहान मुलांना हा भाग फार आवडतो.

तुतनखामूनच्या खोलीत गेलात तर पश्चिमेच्या भिंतीवर बारा माकडं दिसतील, बबून जातीची. तो रात्रीचा पहिला तास. घाईत पुरलेल्या त्या राजाच्या वाट्याला तेवढीच सुरुवात आली. उत्तरेच्या भिंतीवर पुढचा राजा आय, बिबट्याचं कातडं पांघरून, मम्मीच्या तोंडाशी हत्यार धरून विधी करताना.

लंबगोल चौकटीतलं नाव शोधा आणि एकदा फोनमध्ये टिपून ठेवा. मग तेच नाव शेकडो वेळा सापडत राहतं, खोडलेलं असेल तर तेही कळतं. केव्ही १४ मध्ये हाच खेळ.

आणि भिंतीच्या खालच्या भागावर, हाताच्या उंचीवर, नखाने ओरखडल्यासारखी अक्षरं दिसली तर ती आजच्या पर्यटकांची असतीलच असं नाही. ग्रीक-रोमन काळातही ही थडगी पाहायला लोक येत. एकट्या केव्ही ९ मध्ये त्यांचे सुमारे हजार लेख आहेत. केव्ही २ मध्ये पुढच्या काळातल्या कॉप्टिक ख्रिस्ती लोकांच्या खुणा आहेत. अलीकडे अभ्यासकांनी या दरीत तमिळ-ब्राह्मीतले लेखही ओळखले. रोमन काळात तांबड्या समुद्रावरच्या इजिप्तच्या बंदरांचा व्यापार सोपारा, कल्याण, भडोचपर्यंत चालत असे, तेव्हा कोणी भारतीय इथवर फिरायला आला यात नवल नाही. त्याचं अनुकरण मात्र करू नका.

७. रखवालदार, फोटो, बक्षीस

मोबाइलने फोटो काढायला वेगळे पैसे लागत नाहीत, फ्लॅश चालत नाही. तो आपोआप पेटणार नाही हे आधीच तपासा.

प्रत्येक थडग्यात रखवालदार असतो. तो पुठ्ठ्याने वारा घालेल, दोरीपलीकडे बोलावेल, “इथून फोटो छान येतो” म्हणेल आणि मग हात पुढे करेल. त्याने खरंच काही दाखवलं तर १०-२० पौंड द्यायला हरकत नाही, पगार तुटपुंजे आहेत. पण दोरीपलीकडे जाऊ नका, पैसे देऊन तर नाहीच. अंगाचा, बॅगेचा घासा लागून रंग जातो, आणि श्वासाच्या-घामाच्या दमटपणाचाही गिलाव्याला त्रास होतो. जिथे काच लावली आहे तिथे तिला टेकून उभे राहू नका. पाठीवरची सॅक पुढे घ्या.

बाहेर कोणी रुमालात गुंडाळलेला, भुंग्याच्या आकाराचा ‘अस्सल जुना’ ताईत दाखवला तर तो बहुतेक वेळा नकली असतो. अस्सल निघाला तर जास्त वाईट: १९८३ च्या ११७ क्रमांकाच्या कायद्याने इजिप्तमध्ये पुरातन वस्तूंचा व्यापारच बंद आहे.

८. पाय शिल्लक असतील तर

डोंगराच्या पलीकडच्या कुशीत देर अल-मदिना आहे, हीच थडगी खोदणाऱ्या-रंगवणाऱ्या कारागिरांचं गाव. घरांचे पाये अजून दिसतात आणि त्यांनी स्वतःसाठी रंगवलेली छोटी थडगी राजांच्या तोडीस तोड ताजी आहेत. सेन्नेदजेमचं विशेष. रामसेस तिसऱ्याच्या कारकिर्दीच्या २९ व्या वर्षी धान्याचा पगार थकला म्हणून याच गावकऱ्यांनी काम टाकून ठिय्या दिला, नोंद असलेला हा जगातला सर्वांत जुना संप. टूरच्या वेळापत्रकात हे गाव क्वचितच असतं, टॅक्सीवाल्याशी दर ठरवताना त्याचं नाव घालून घ्या.

तुतनखामूनचं तिकीट वाचवलं असेल तर कार्टरच्या घरी जा. शेजारीच त्या थडग्याची हुबेहूब प्रतिकृती २०१४ पासून उभी आहे. रंगाचे ठिपकेसुद्धा तसेच, गर्दी नाही, आणि हवा तेवढा वेळ भिंतीसमोर उभं राहता येतं. देर अल-मदिनासारखंच इथलं तिकीटही राजांच्या दरीत मिळत नाही. ते कुठल्या खिडकीवर काढायचं ते निघण्यापूर्वी विचारून घ्या, म्हणजे परत फिरावं लागणार नाही.